मजकूर आणि मोर्तब : विषाणूंच्या प्रतिकाराचा इतिहास



इंद्रायणीच्या काठचे आपले निघोजे गाव एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी अशा दोन क्षेत्रांच्या मधल्या टापूत वसलेले आहे. अलीकडे मात्र परगावच्या माणसाला त्याची ओळख करून द्यायची, तर मोटारींचे कारखाने दाखवूनच द्यावी लागते. त्या कारखान्यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकतील असे श्रोते या सभेतच बसलेले आहेत. तेव्हा तो विषय मी त्यांच्याकडेच सोडतो. मला बोलायचे आहे ते या परिसरातील दुसऱ्याच एका उद्योगाविषयी. निघोज्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरांचा फेरा धरला, तर त्यात पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना येतो, भोसरीची एड्स संशोधन संस्था येते, पुण्यातील व पाषाणची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था येते, हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट येते आणि हिंजवडीची जेनोव्हाही येते. रोगांशी झुंजणारी इतकी ठाणी एवढ्या लहानशा मुलखात सापडावीत, असे प्रदेश जगात फार नसावेत.

यांतील पिंपरीचा कारखाना, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनियाने व सुवारोगाने दगावणारी कितीतरी माणसे या औषधाने वाचली. परंतु देवी, गोवर, पोलिओ, फ्लू किंवा डेंग्यू यांपुढे पेनिसिलिन हतबल आहे. याचे कारण सोपे आहे. जंतूला स्वतःचे घर असते, त्या घराला भिंत असते, आणि पेनिसिलिन ती भिंत बांधूच देत नाही. विषाणूला घरच नाही. तो आपल्या पेशीत शिरतो, तिचीच यंत्रसामग्री वापरून आपल्या प्रती काढतो आणि बाहेर पडतो. रक्तात फिरणारी प्रतिद्रव्ये विषाणूला वाटेत गाठू शकतात. पण तो एकदा पेशीच्या आत गेला की त्यांचा हात तेथवर पोचत नाही. मग आत शिरलेल्या चोराची वर्दी बाहेर कोण देते, कशी देते आणि कोणाला देते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला जवळजवळ दोन शतके लागली, आणि त्या कथेचे काही धागे थेट आपल्या मुलखातून गेलेले आहेत.

आपल्याकडे रोगालाही ‘देवी’ म्हणत आणि तो होऊ नये म्हणून दंडावर केलेल्या उपचाराला ‘देवी काढणे’ म्हणत. ज्यांची साठी उलटली आहे त्यांनी आपला दंड पाहावा. त्यावरचा वाटोळा व्रण अजून असेल. या उपचाराचा हिंदुस्थानातील आरंभ १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाला. अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गाईच्या देवीची लस टोचली गेली आणि ती ‘धरली’. ही लस युरोपातून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मजला करीत आली होती. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती की शीतगृह नव्हते. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातील लस घेऊन ती दुसऱ्याच्या दंडावर उतरवायची, अशी माणसांचीच साखळी करावी लागे. अ‍ॅनाच्या दंडावरून ती मुंबईतील आणखी मुलांना मिळाली आणि तेथून सुरत, पुणे, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. गंमत पाहा : त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकर आणि दुसरा बाजीराव यांच्या फौजांची हडपसरला लढाई झाली. बाजीराव पुण्याहून पळाला आणि मराठी राज्याच्या शेवटाला आरंभ झाला. इतिहासाच्या पुस्तकांत त्या वर्षाची नोंद एवढीच सापडते. मुंबईहून पुण्याकडे मुलांच्या दंडावरून आलेल्या त्या थेंबभर लसीला कोणत्याच बखरीत जागा मिळाली नाही. आणि हडपसरला लढाईशिवायही काही घडू शकते, हे सिद्ध व्हायला १९६६ साल उजाडावे लागले.

लोकांनी ही लस आनंदाने घेतली असे मात्र नाही. परजातीच्या मुलाच्या दंडातील द्रव्य आपल्या मुलाच्या अंगात घालणे पुष्कळांना मान्य नव्हते. फोड फोडून लस काढताना ज्या मुलाला दुखे, त्याचे आईबाप दुसऱ्या खेपेला दारच उघडीत नसत. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले तेव्हा आक्षेपांचे स्वरूप बदलले, पण आक्षेप संपले नाहीत. त्या पालकांना आज अडाणी म्हणणे सोपे आहे. मला मात्र वाटते, की ‘ही लस अंगात जाऊन नेमके काय करते?’ असे त्यांनी विचारले असते, तर टोचणाऱ्या डॉक्टरलाही उत्तर देता आले नसते. त्याला फक्त अनुभव ठाऊक होता : आठव्या-नवव्या दिवशी फोड भरतो, त्याभोवती लाल कडे उमटते, आणि असे कडे उमटलेल्या मुलाला सहसा देवी येत नाहीत. पूर्वी देवी काढलेल्या माणसाला पुन्हा टोचले, तर आठ दिवस वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन दिवसांतच जागा लाल होऊन बसून जाते, हेही जेन्नरच्या काळापासून नोंदलेले होते. पहिल्या खेपेला आठवडा आणि दुसऱ्या खेपेला दोन दिवस, असा हा फरक का? या एका प्रश्नात आजच्या व्याख्यानाचा सारा विषय सामावलेला आहे.

उत्तराची पहिली चाहूल लागली ती १८८२ साली, सिसिली बेटावरील मेसिना या गावी. एली मेच्निकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्याने एका अळीच्या अंगात काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी अंगात असतात, हे त्याने सांगितले तेव्हा जर्मन पंडितांना ते रुचले नाही. त्यांच्या मते प्रतिकार होता तो रक्तातील द्रव्यांत. हा वाद पाव शतक चालला आणि १९०८ साली नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह व त्याचा प्रतिपक्षी पॉल एर्लिक या दोघांना वाटून देऊन समितीने आपल्यापुरता तो मिटवला. या मेच्निकॉव्हचा ओडेसातील एक विद्यार्थी पुढे गुरूच्याच वशिल्याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयात नोकरीला लागला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ आली तेव्हा तो मुंबईस आला आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव घेताना मेसिनाच्या समुद्रकाठच्या त्या काट्याचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

तरीही गिळणाऱ्या पेशी कळल्या म्हणजे सगळे कळले, असे नव्हते. १९१८ साली मानमोडीची साथ आली. मुंबई बंदरातून ती रेल्वेच्या रुळांवरून गावोगाव गेली आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे घेऊन गेली. कोणत्या जंतूने ही माणसे मारली, हे सांगता येईना. डॉक्टर एका निरपराध जंतूवर आळ घेऊन बसले होते. माणसातील फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. त्या साथीत एकाच घरातील दोन भावांपैकी एक गेला आणि दुसरा उठून शेतावर गेला, अशा हकिगती घराघरांत सांगितल्या जात. कोणी त्याला दैव म्हटले, कोणी पथ्यपाणी म्हटले. त्याला आणखीही एक कारण असू शकते, हे मी थोड्या वेळाने सांगणार आहे.

आता बर्लिनला जाऊ. १८६८ साली पॉल लांगरहान्स या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेचा पातळ तुकडा सोन्याच्या क्षाराने रंगवला आणि त्यात त्याला फांद्या फुटलेल्या चमत्कारिक पेशी दिसल्या. फांद्या पाहून त्याने त्यांना मज्जातंतूच्या पेशी मानले. शंभर वर्षे शास्त्रज्ञांनी त्या पाहिल्या, आकृत्या काढल्या आणि पान उलटले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि त्याचे ज्येष्ठ सहकारी झॅनव्हिल कोहन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच फांदीदार पेशी आढळल्या. संख्येने अत्यल्प, पण सतत हातपाय हलवणाऱ्या. ग्रीक भाषेत झाडाला ‘डेंड्रॉन’ म्हणतात, म्हणून स्टाइनमनने त्यांना डेंड्रायटिक पेशी हे नाव दिले. आपण त्यांना फांदीदार पेशी म्हणू. (रॉकफेलर हे नाव पुण्याला परके नाही. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून निघाली, ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या संयुक्त प्रयत्नाने. दोन्ही संस्थांच्या मुळाशी पैसा एकाच तेलसम्राटाचा.)

स्टाइनमनचे म्हणणे असे होते, की प्रतिकाराची लढाई सुरू करून देणारी पेशी हीच. ती त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात, म्हणजे शरीराच्या वेशीवर बसलेली असते. परका पदार्थ आला की ती तो गिळते, पण मेच्निकॉव्हच्या पेशींसारखा पचवून टाकीत नाही. त्याचे तुकडे करते, ते आपल्या अंगावर बाहेरून दिसतील असे लावते आणि ठाणे सोडून लसिकाग्रंथीकडे चालू लागते. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण येते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. ते अवधाण म्हणजे हीच ग्रंथी. तेथे लाखो टी-पेशी जमलेल्या असतात. ‘टी’ हे अक्षर छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीवरून आले आहे. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलरने १९६१ साली दाखवून दिले. प्रत्येक टी-पेशीला एकच विशिष्ट तुकडा ओळखता येतो. फांदीदार पेशी आपला माल घेऊन या गर्दीतून फिरते आणि ज्या मोजक्या टी-पेशींना तो तुकडा ओळखू येतो, त्यांना जागे करते. जाग्या झालेल्या पेशी वाढू लागतात. एकीच्या हजारो होतात. या साऱ्या खटाटोपाला सुमारे आठवडा लागतो. देवीच्या फोडाभोवती आठव्या-नवव्या दिवशी उमटणारे लाल कडे हे त्या पेशी मुक्कामी पोचल्याचे चिन्ह होते! पुढे त्यांतील काही पेशी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणून दुसऱ्या खेपेला दोन दिवस पुरतात.

स्टाइनमनवर प्रारंभी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. या पेशी इतक्या थोड्या आणि वेगळ्या काढायला इतक्या अवघड, की पुष्कळांना तो भास वाटला. त्याने वीस वर्षे नेटाने तोच विषय धरून ठेवला. २००७ साली त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. हा रोग बहुधा वर्षभराचीही सवड देत नाही. इतर उपचारांबरोबर त्याने स्वतःच्याच फांदीदार पेशींवर आधारलेल्या लसी स्वतःवर करून पाहिल्या आणि तो चार वर्षांहून अधिक जगला. त्याचे श्रेय त्या पेशींना द्यावे की नाही, हे एका माणसावरून ठरवता येत नाही, आणि स्टाइनमनही तसे म्हणाला नसता. ३० सप्टेंबर २०११ रोजी तो वारला. ३ ऑक्टोबरला त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तो हयात नाही, याची समितीला वार्ताच नव्हती. मृतांना ते पारितोषिक देत नाहीत, पण दिलेले परत न घेण्याचा निर्णय झाला.

फांदीदार पेशी वर्दी देते हे झाले. पण ती वर्दी वाचली कशी जाते? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे मिळाले. पीटर डोहर्टी हा मूळचा पशुवैद्य आणि रोल्फ झिंकरनागेल हा स्वित्झर्लंडमधून आलेला तरुण डॉक्टर. जागेच्या टंचाईमुळे दोघांना एकाच खोलीत काम करावे लागले आणि त्या अडचणीतून १९७४ सालचा एक साधा, पण जगप्रसिद्ध प्रयोग जन्मला. त्यांनी उंदरांना मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूची बाधा केली आणि त्या उंदरांच्या टी-पेशी काढून घेतल्या. त्याच विषाणूने बाधलेल्या पेशी समोर ठेवल्या, तेव्हा टी-पेशींनी त्या ठार केल्या. यात नवल नाही. पण बाधित पेशी दुसऱ्या जातीच्या उंदराच्या असल्या, तर विषाणू तोच असूनही टी-पेशी स्वस्थ बसून राहिल्या. विषाणू ओळखीचा, तरी ओळख पटेना!

याचा अर्थ समजायला आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. ज्यांनी पेशवेकालीन मोडी कागद पाहिले आहेत त्यांना माहीत आहे, की पत्रात मजकूर कितीही स्पष्ट असला तरी शेवटी मोर्तब हवे. मोर्तब नसेल तर कारकून कागद बाजूला ठेवतो. आणि नुसते मोर्तब उठवून मजकूर कोरा ठेवला तरी काम होत नाही. टी-पेशीही तशीच काटेकोर आहे. विषाणूचा तुकडा हा मजकूर. आणि ज्या खोबणीत तो बसवून दाखवला जातो, ते त्या शरीराचे स्वतःचे मोर्तब. दोन्ही एकत्र दिसली तरच ती हुकूम मानते. या शोधाबद्दल त्या दोघांना १९९६ साली नोबेल मिळाले.

माणसाच्या पेशींवरील या मोर्तबाला एचएलए म्हणतात. पॅरिसच्या जाँ दोसे याने त्याचा पहिला नमुना १९५८ साली ओळखला होता, पण एकाची त्वचा किंवा मूत्रपिंड दुसऱ्याला का मानवत नाही, एवढ्याच संदर्भात तेव्हा त्याचा विचार होई. निसर्गाने ही चिन्हे शल्यवैद्यांची अडवणूक करण्यासाठी निर्माण केली नसणार, हे उघड होते. खरे प्रयोजन कॅनबेऱ्यात कळले. १९८७ साली हार्वर्डमध्ये पामेला ब्यॉर्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने एका मोर्तबाची प्रत्यक्ष आकृती मिळवली. वरच्या बाजूला एक लांबट खोबणी होती आणि त्या खोबणीत, कोणी न ठेवलेला, कसला तरी तुकडा आधीच बसलेला होता. आठ-दहा दुव्यांची प्रथिनाची ती लहानशी साखळी. मजकूर आणि मोर्तब अशी एकाच चित्रात सापडली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही खोबणी केवळ फांदीदार पेशींवर नसते. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय तयार होत आहे त्याचे तुकडे सतत बाहेर लावून दाखवीत असते. येथील कारखान्यांत उत्पादन चालू असताना मधूनमधून नमुना काढून तपासणीला पाठवतात, तसेच हे आहे. आत विषाणूचे प्रथिन तयार होऊ लागले की त्याचा नमुना बाहेर येतो, आणि टी-पेशी त्या पेशीचा जागीच निकाल लावते. चोरासकट घर पाडण्याचा हा न्याय कठोर आहे खरा, पण दुसरा उपाय नाही. काही विषाणू यावर तोड म्हणून मोर्तबच बाहेर येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी शरीराने वेगळी गस्त ठेवली आहे : ज्या पेशीवर मोर्तब दिसत नाही तिलाच मारणाऱ्या पेशींची. स्टॉकहोमच्या क्लास कार्रे याने ही युक्ती १९८६ च्या सुमारास उलगडली.

त्याच १९८६ साली ऑक्सफर्डच्या अलेन टाउनसेंडने फ्लूच्या बाबतीत दाखवून दिले, की टी-पेशी विषाणूच्या बाहेरच्या कवचाचेच नव्हे, तर पोटातील प्रथिनांचे तुकडेही वाचतात. फ्लूचा विषाणू दरवर्षी अंगरखा बदलतो. प्रतिद्रव्ये त्या अंगरख्यावरून ओळखतात आणि म्हणून फसतात. पोटातील प्रथिने सहसा बदलत नाहीत. २००९ साली स्वाइन फ्लू आला आणि त्यातील देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला. नाकातोंडाला रुमाल बांधलेले ते पुणे पुष्कळांना आठवत असेल. त्याच साथीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अजित लालवाणी आणि त्यांचे सहकारी तीनशेहून अधिक विद्यार्थी व कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवून होते. साथीपूर्वी ज्यांच्या रक्तात पोटातील प्रथिने ओळखणाऱ्या टी-पेशी अधिक होत्या, त्यांचा आजार सौम्य ठरला. नव्या विषाणूवरची प्रतिद्रव्ये त्यांच्यापाशी नव्हती तरीही.

आता त्या दोन भावांकडे परत येऊ. मोर्तब सर्वांचे सारखे नसते. या चिन्हांचे तीस हजारांहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. प्रत्येकाला काही आईकडून येतात, काही बापाकडून. सख्ख्या भावंडांतही ती पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक. एकाच्या खोबणीत विषाणूचा जो तुकडा नेमका बसतो तो दुसऱ्याच्या खोबणीत बसत नाही. विषाणू तोच, घर तेच, अन्न तेच, आणि वर्दी मात्र एकाच्या अंगात लौकर पोचते, दुसऱ्याच्या अंगात उशिरा.

याचा सर्वांत कठोर पडताळा एड्सच्या रोगात आला. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. हल्ली तिचे नाव बदललेले आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरून मालमोटारी घेऊन जाणाऱ्यांना त्या काळची भीती आणि कुजबुज आठवत असेल. हा विषाणू मोठा कावेबाज. फांदीदार पेशी त्याला नेहमीप्रमाणे उचलते आणि लसिकाग्रंथीत टी-पेशींपुढे घेऊन जाते. त्याला नेमके तेथेच जायचे असते, कारण मदतनीस टी-पेशी हेच त्याचे भक्ष्य. राखणदारानेच चोराला खांद्यावर बसवून तिजोरीच्या खोलीत पोचवावे, तसा हा प्रकार. तरीसुद्धा लागण झालेल्यांपैकी काही मोजकी माणसे औषधावाचून वर्षानुवर्षे ठणठणीत राहतात. जगभर आणि भोसरीतही अशा माणसांचा अभ्यास झाला. त्यांच्यात बी-५७ आणि बी-२७ ही मोर्तबे वाजवीपेक्षा अधिक आढळतात, हे आता पक्के झाले आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हा सारा फरक अखेर खोबणीतील काही थोड्या दुव्यांपाशी येऊन थांबला.

मग ज्याच्याकडे बी-२७ आहे तो भाग्यवान म्हणायचा का? थांबा. याच बी-२७ मुळे पाठीचा कणा आखडून टाकणारा संधिवात होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हे १९७३ पासून ठाऊक आहे. एका दुखण्यात राखणारे मोर्तब दुसऱ्या दुखण्यात छळते. सर्व रोगांवर उत्तम असे एकही मोर्तब नाही. १९९९ साली अमेरिकेतील मेरी कॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की आईकडून व बापाकडून निरनिराळी मोर्तबे मिळालेली माणसे एड्सच्या विषाणूपुढे अधिक काळ टिकतात, आणि दोहोंकडून एकच मिळालेली लौकर खचतात. ‘याची प्रतिकारशक्ती चांगली, त्याची वाईट’ असे आपण सर्रास बोलतो; जणू ती एकाच काट्यावर तोलता येते. २०२० साली तर ती वाढवणाऱ्या काढ्यांचा आणि गोळ्यांचा बाजारच भरला होता. पोटभर अन्न, झोप आणि वेळेवर टोचलेली लस यांखेरीज या शक्तीला लागणारी वस्तू बाटलीत भरून मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्या वर्षाची हकिगत आपल्याला नव्याने सांगायला नको. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात सापडले. महिनाअखेरीस चाकणचे कारखाने थांबले आणि ज्यांच्या हातांवर ते चालत होते ते परप्रांतीचे कामगार मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले. आषाढीला देहू-आळंदीच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रोग कोणी आणला, यावर गावोगाव बोटे रोखली गेली. कधी परदेशाहून आलेल्यावर, कधी मुंबईहून आलेल्यावर, कधी भाड्याच्या खोलीतल्या बिहारी मुलावर. विज्ञानाची साक्ष याच्या उलट पडते. ज्या वस्तीत नाना मुलखांची माणसे राहतात तेथे मोर्तबेही नाना प्रकारची असतात. आणि एकाच्या डोळ्यांत धूळ टाकायला शिकलेल्या विषाणूला शेजाऱ्यापाशी ती विद्या नेहमीच उपयोगी पडत नाही. मोर्तबांतील हे वैविध्य समाजाला उपकारक ठरत असावे, असे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७५ सालीच सुचवले होते.

कोविडमध्ये जी माणसे गेली त्यांतील पुष्कळांना तो एक आठवडाच मिळाला नाही. वर्दी पोचेपर्यंत विषाणू फुप्फुसभर झाला. लस हा आठवडा आधीच मिळवून देते. १६ जानेवारी २०२१ पासून देशात ज्या दोन लसी टोचल्या गेल्या, त्या दोहोंचा पुण्याशी संबंध होता. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा काढून दिला तो राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. त्या लसीत तो मारलेला असतो, आणि फांदीदार पेशी त्याला बाहेरून उचलतात. कोव्हिशील्ड सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. तिच्यात एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून केवळ पाठ धाडलेला असतो आणि आपल्याच पेशी तो मजकूर आत तयार करून खोबणीत लावतात. मार्ग दोन, ग्रंथी तीच. हिंजवडीच्या जेनोव्हाने २०२३ साली ओमायक्रॉनसाठी काढलेली लस तर सुईवाचून, त्वचेच्या थरातच सोडतात. लांगरहान्सला सोन्याच्या क्षाराने दिसलेल्या पेशी ज्या थरात दाट असतात त्याच्या आसपास. १८०२ साली मुंबईत ओरखडा काढला गेला तो याच ठिकाणी, आणि तो कोणालाही न कळता.

डेंग्यूचा प्रश्न अजून असा सुटलेला नाही, आणि पावसाळा आला की आपल्या वसाहतींतील बांधकामांवर साचलेल्या पाण्यात तोच वाढतो. डेंग्यूचे चार भाऊ आहेत. एकाची आठवण दुसऱ्याला पुरत नाही. इतकेच नव्हे, तर पहिल्या खेपेची अर्धवट जुळणारी प्रतिद्रव्ये कधीकधी दुसऱ्या खेपेच्या विषाणूला पेशीत शिरायला मदतच करतात, आणि म्हणून दुसरा डेंग्यू अधिक घातक ठरू शकतो. फिलिपीन्समध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यात पुढे तीव्र आजाराचा धोका वाढतो, असे दिसून आल्यावर २०१७ च्या अखेरीस ती मोहीम थांबवावी लागली. चारही मजकूर एकाच वेळी आणि सारख्या स्पष्टपणे दाखवणारी लस हवी, हे त्यावरून निश्चित झाले. पुण्याच्या संस्थेने पश्चिम भारतातील डेंग्यूच्या रुग्णांची मोर्तबे तपासली आहेत. तशा चौपदरी देशी लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये देशभरातील दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांसाठी सुरू करण्यात आली, आणि त्या प्रत्येकाकडे दोन वर्षे लक्ष ठेवायचे असे ठरलेले आहे.